अंगठा तिच्या मुठीत होता

तुमच्या या सदरात लोक भुताखेतांचं लिहितात. मी वाचतो आणि हसतो. आधीच सांगून ठेवतो, मी देव मानतो, पण त्याच्याही सगळ्याच गोष्टी मानत नाही. आमच्या भागात एकेकाळी भानामतीचं लई खूळ होतं. कुणाच्या पत्र्यावर दगड पडायचे, कुणाच्या लुगड्याला आपोआप आग लागायची. मी काठी घेऊन अशा घराच्या मागं जाऊन बसायचो. मी बसलो की एक खडा पडायचा नाही! शाळा माझी तिसरीपर्यंत. तीही गुरुजींशी वाजलं म्हणून सुटली... पण डोकं शाबूत आहे. म्हणूनच जे झालं ते कागदावर मांडायला मला एवढे दिवस लागले. सून म्हणली, "मामा, लिहून टाका, पोटात ठेवू नका." पोटाचीच गोष्ट आहे, म्हणून लिहितो.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यापासून थोडं आत. घरात मी, माझी मंडळी सरूबाई, आणि सण आला की नांदेडहून येणारा मुलगा बालाजी आणि सून. त्याची नोकरी नांदेडला.

गेल्या दिवाळीत सरूबाईनं करंज्या तळल्या, चिवडा केला, दोन घास खाल्ले आणि उजव्या बरगडीखाली हात धरून बसली. कळ पार पाठीतून खांद्यापर्यंत. ओवा झाला, सोडा झाला, शेजारणीनं सांगितलेलं सगळं झालं. शेवटी अहमदपूरला सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, हरभऱ्याएवढे. ऑपरेशन करून पिशवी काढावी लागणार.

बालाजी म्हणला, "बाबा, नांदेडला करू. माझ्या वळखीचे डॉक्टर हायत."

मी म्हणलं, "आपली तूर लातूरला जाती, सोयाबीन लातूरला जातं. मग तुझी माय नांदेडला कशी जाईल?"

"बाबा, माय काय अडतीला घालायची हाय का?"

"लातूर म्हणलं की लातूर."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. सरूबाई कळा सोसत म्हणली, "कुठं बी न्या, पण भांडण इथंच ठिवा." मग लातूरच झालं. माझा शब्द खाली पडत नाही.

दवाखाना मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. आम्हाला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. खिडकीतून दाळमिलचा पत्रा दिसायचा आणि भरडलेल्या तुरीच्या चुणीचा वास यायचा. मला तर घरच्यासारखंच वाटलं. डॉक्टर म्हणजे एक बाई, उदगीरकडच्या. वय आमच्या सुनेएवढं. मला आधी वाटलं, एवढीशी पोरगी काय ऑपरेशन करणार! पण बोलणं असं स्वच्छ की मी गप बसलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी त्या आल्या आणि गळ्यातली तपासायची नळी हातात धरून समजावून सांगायला लागल्या.

"काकू, ही कानाकडची दोन टोकं बघा. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून पित्त घेऊन अशा दोन नळ्या येतात. इथं त्यांची एक होते आणि ती खाली आतड्याकडं जाते. तुमची पिशवी इथं बाजूला लटकलेली असते. तिची छोटी नळी मधेच येऊन मिळते. आम्ही फक्त ती छोटी नळी आणि पिशवीची रक्ताची नळी बंद करतो, आणि पिशवी काढतो."

मी म्हणलं, "म्हणजे पाटाचं एक दारं बुजवायचं. पाट तसाच चालू."

"अगदी बरोबर काका. फक्त एक गोष्ट असते. सगळ्यांचे पाट सारखे नसतात. कुणाची नळी वर मिळते, कुणाची खाली. एखाद्याला जास्तीची नळी असते, ती पिशवीच्या नळीला खेटून येते. म्हणून आम्ही आधी सगळं नीट मोकळं करून बघतो, मगच कापतो."

"आणि चुकून दुसरीच कापली तर?"

त्यांनी काही लपवलं नाही. "मग पित्त पोटात सांडतं, कावीळ होते, परत मोठं ऑपरेशन करावं लागतं. म्हणून तर घाई करत नाही."

त्या गेल्या आणि सरूबाई भिंतीकडं तोंड करून पडली. आमच्या लग्नाला आता मोजायची गरज नाही एवढी वर्षं झाली, पण ही बाई गप बसलेली मी पहिल्यांदा बघितली. चहा घेतला नाही. बालाजी बोलला तर हूं. मी बोललो तर हूं पण नाही. एकदाच म्हणली, "आवं... माझी नळी कशी हाय ते कुणाला म्हाईत हाय?" मी उठून तिचं पांघरूण सारखं केलं.

दुपारी माझा मेव्हणा आला. सरूबाईचा धाकटा भाऊ, माणिक.

या माणिकाबद्दल सांगायला पाहिजे. हा पाणाड्या आहे. लोकांच्या रानात अनवाणी फिरतो, तळहातावर नारळ आडवा ठेवतो, आणि जमिनीखाली पाणी असलं की नारळ म्हणे उभा राहतो. त्यांचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेही हेच करायचे. आबांचं सोडा, माणूस देव होता. पण माणिक? त्यानं माझ्या रानात नारळ उभा केला, "दाजी, इथं मारा, दोन इंची पाणी हाय," म्हणला. बोअर मारला तर नुसता फुफाटा निघाला. पांढराफटक! गावातले पोरं बघायला आले. त्या बोअरवर मी एक दगड ठेवला आहे आणि त्याला 'माणिकरावाची विहीर' म्हणतो. पाव्हणे आले की मुद्दाम नेऊन दाखवतो.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच — सगळी करामत अंगठ्याची. नारळाच्या बुडाला अंगठ्यानं हळूच दाब दिला की शेंडी वर येते. लोक नारळाकडं बघतात, अंगठ्याकडं कुणी बघत नाही.

तर माणिक आला तो चाकूरकडं कुणाचं तरी पाणी बघायला निघाला होता. पिशवीत नारळ होताच. पिशवी टेबलावर ठेवली, बहिणीच्या पायावर हात ठेवला.

"आक्का, भिऊ नको. मी हाय ना."

मी म्हणलं, "तू हायस म्हणूनच भिऊन राहिली ती."

"दाजी, दवाखान्यात तरी सोडा."

"माझ्या रानात फुफाटा काढलास, तवा तू सोडलं होतंस का मला?"

एरवी आमची अशी जुंपली की सरूबाई मधे पडती. त्या दिवशी तिनं डोळे पण उघडले नाहीत. माणिकाचं तोंड उतरलं. बालाजी त्याला घेऊन खाली चहाला गेला.

खोलीत आम्ही दोघंच. खिडकीतून चांगलं ऊन आलेलं. मला तिचं ते गप पडणं काही बघवेना. आता मला गोड बोलणं येत नाही. कधी आलं नाही. मला येते ती फक्त टिंगल. म्हणून मी चपला काढल्या, धोतर सावरलं, माणिकाच्या पिशवीतला नारळ काढून तळहातावर आडवा ठेवला, आणि त्याच्यासारखा मान वाकडी करून पलंगाभोवती फिरायला लागलो.

"हां... बाई... रान तर चांगलं हाय... काळी कसदार हाय... बघू किती इंची लागतंय..."

तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. ओठ हलले. "सरका तिकडं, येडं कुठलं!" बस, एवढंच मला पाहिजे होतं. मी अजून चढलो. तिच्या पोटावर हात धरून म्हणलं, "इथं मारा बाई बोअर, दोन इंची पित्त हाय."

ती हसली. हसता हसता म्हणली, "उचला आता अंगठ्यानं. तुमीच म्हणता ना."

"मी त्या लबाडासारखा हाय का? धर माझा अंगठा. घट धर. मग बघ उठतो का."

तिनं माझा अंगठा मुठीत धरला. एका हाताला सलाईनची सुई होती, म्हणून दुसऱ्या हातानं. मला आठवतं, तिची मूठ गरम होती. नारळ माझ्या चार बोटांवर आणि तळव्यावर आडवा. मी हात तिच्या उजव्या बरगडीखाली आणला, आणि...

निजलेलं वासरू मान वर करतं ना, तशी शेंडी वर आली.

मी शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही. आधी वाटलं, हात थरथरला. पण थरथरलेला नारळ घरंगळून पडतो. हा उभा राहिला. सरळ. आणि जड झाला, भरल्या कळशीसारखा. आमचं दोघांचंही हसू तिथंच थांबलं. मी हात थोडा बाजूला नेला, नारळ निजला. परत आणला, परत उठला. मग मी हात मधल्या अंगाला, दोनेक बोटं आत सरकवला... आणि तो परत उठला. मधे निजला आणि परत उठला. दोन जागी.

सरूबाईनं अंगठा सोडला नव्हता. हळूच म्हणली, "दोन हायत."

"काय दोन?"

"आबा म्हणायचे, नारळ जवळजवळ दोनदा उठला तर खाली दोन झरे असतेत. तवा पहार मारायच्या आधी दोनदा बघावं. न्हाईतर एक लागतो आन दुसरा फुटून जातो."

जिन्यात माणिकाचा आवाज आला. मी चटकन नारळ माझ्याच थैलीत कोंबला. का कोंबला ते विचारू नका. माणिक आत आला, पिशवी उचलली, हात घातला. "आरं, माझा नारळ?"

मी म्हणलं, "दवाखान्याच्या खालच्या देवाला फोडला. तुझ्या आक्कासाठी."

तो बिचारा गहिवरला. "दाजी, तुमी?" आणि माझ्या पाया पडला. पांघरुणाखाली सरूबाई हसून हसून हलत होती. हसू आलेलं बघून मला बरं वाटलं, पण आत काळजात ते 'दोन' बसलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर मॅडम बघायला आल्या. आता मोठा पेच. मी, काठी घेऊन भानामती पकडायला जाणारा माणूस, डॉक्टरला काय सांगू? नारळ उठला म्हणू? जीव गेला तरी तोंडातून निघालं नसतं. पण जीव माझा नव्हता ना जाणार... म्हणून मी एक शक्कल काढली.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. तिच्या माहेरी हे असंच असतं. तिच्या वडलांचं बी हेच ऑपरेशन झालं होतं. तवा डॉक्टर म्हणले होते, नळ्या दोन हायत म्हणून. जवळजवळ."

मॅडम थांबल्या. "वडिलांचे कागद आहेत का?"

"पुरात गेले."

आबांच्या गावाला नदी नाही. नालाही नाही. पण तोंडातून निघून गेलं.

त्या जरा विचार करून म्हणल्या, "नात्यात असतंच असं काही नाही काका. पण तुम्ही म्हणता तर उद्या सकाळी लवकर शिरेतून एक औषध देऊ. आमच्या कॅमेऱ्यात त्या औषधानं पित्ताच्या नळ्या हिरव्या चमकतात. ते आधीच द्यावं लागतं, ऐनवेळी देऊन उपयोग नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. स्ट्रेचरवरून जाताना तिनं हात बाहेर काढला आणि परत माझा अंगठा धरला. दारापर्यंत सोडला नाही. बालाजी बघत होता म्हणून मी म्हणलं, "सोड आता, लोकं बघतेत." सोडला तेव्हा मला वाटलं, आपण उगंच बोललो.

किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त गेला, एवढं बालाजीच्या तोंडावरून कळत होतं. खालच्या मिलमधून पोती उतरवत होते. मी नुसता तो धप-धप आवाज ऐकत होतो.

मग दार उघडलं. मॅडमच्या कपाळावर टोपीचा वळ होता आणि तोंडावर हसू.

"काका, काकू एकदम छान आहेत. आणि तुमचं खरं निघालं!"

त्यांनी फोटो दाखवला. काळ्यात हिरवे झरे. खरंच सांगतो, झरेच. एक मोठा पाट. त्याला मिळणारी पिशवीची छोटी नळी. आणि त्या छोट्या नळीला येऊन मिळालेली तिसरीच एक बारीक, कोवळ्या वेलीसारखी.

"ही यकृताच्या उजव्या मागच्या भागातून आली आहे. सरळ मोठ्या नळीत न जाता पिशवीच्या नळीत उतरली आहे. अगदी खेटून. हिच्या वरच, पिशवीच्या बाजूला, आम्ही चिमटा लावला. हिला धक्का लागला नाही."

मी विचारलं, "मी बोललो नसतो तर?"

"तरी मी नीट बघितल्याशिवाय कात्री लावली नसती काका. तो माझा नेम आहे. पण हे औषध मी सगळ्यांना देत नाही. आज ते तुमच्यामुळं होतं, आणि त्यामुळं ती लगेच दिसली. नसतं तर... सांगता येत नाही." मग त्या म्हणल्या, "तुमच्या सासऱ्यांचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं होतं?"

मी घसा खाकरला. चष्मा पुसला. म्हणलं, "लई जुनी गोष्ट हाय."

संध्याकाळी सरूबाई चांगली शुद्धीवर आली. मॅडम तिला म्हणल्या, "काकू, तुमच्या वडिलांमुळं काम सोपं झालं. त्यांचंही असंच ऑपरेशन झालं होतं ना?"

सरूबाई गुंगीतच म्हणली, "आमचे आबा? ते जन्मात दवाखान्याची पायरी चढले न्हाईत. नव्वदीत बी दातानं फुटाणे फोडून खायचे."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून दाळमिलकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मॅडम खळखळून हसल्या आणि म्हणल्या, "काका, मग तुम्हाला कळलं कसं?"

"अंदाज," मी म्हणलं.

घरी आलो. सरूबाई दोन आठवड्यांत चुलीपुढं बसायला लागली आणि तिथून माझे हाल सुरू झाले. मी काही नाही म्हणलं की ती म्हणायची, "माणिकला फोन लावू का? सांगू का त्याला, नारळ कुणाच्या हातावर उठला?" नवं मिक्सर आलं. बाजेला नवी नवार आली. भावजयीला इरकल लुगडं घेतलं. सगळं त्या नारळापायी!

इकडं मी चोरून नारळाची परीक्षा घेत होतो. भरल्या विहिरीच्या काठावर धरला, ढिम्म. चालू बोअरवर धरला, ढिम्म. म्हशीच्या पोटावर धरला तर तिनं शेपटीचा फटका दिला. सरूबाईला बाजेवर झोपवून, अंगठा मुठीत देऊन, परत तसाच धरला. दगड! पडला तिच्या पायावर. "आता काय उठंल," ती म्हणली, "काम झालं त्याचं."

मग येळवस आली. वेळा अमावस्या आम्हा लातूरकडच्यांची दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गाव रिकामं, रानं भरलेली. आमच्याही रानात कडब्याची कोप, पूजेची खोपी, उभी राहिली. भज्जी, आंबील, उंडे, तिळाची पोळी... आणि सरूबाई पोटभर जेवत होती. तेलातुपाचं, लसणाचं, सगळं. किती दिवसांनी! बालाजी-सून आलेले, माणिक आलेला. पूजेला तोच नारळ फोडला. आता तो ठेवून काय करायचा? पाणी गोड निघालं. सगळ्यांना खोबरं वाटलं.

जेवण झाल्यावर आम्ही 'माणिकरावाच्या विहिरी'शेजारी बसलो. वारं छान होतं, ज्वारी पोटरीत आलेली. सरूबाईनं माझ्याकडं बघून भुवई उडवली. मला वाटलं, आता इरकल झालं, पुढं पाटल्या मागंल. त्यापेक्षा आपणच सांगावं. आणि मी सांगितलं. सगळं. नारळ चोरल्यापासून.

माणिक ऐकत होता, खोबरं चावत होता. सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसला.

"दाजी, कुणाला येडं करून राहिलात? आसा कुठं नारळ उठतो का!"

मी म्हणलं, "आँ? तुझा उठतो ना?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं, जवळ सरकला. "आता आक्का जगली-वाचली, सण हाय, म्हणून सांगतो. मी जमिनीवरून बघतो. उंबर कुठं हाय, वारूळ कुठं हाय, उन्हाळ्यात गवत कुठं हिरवं राहतं. तेवढं आबांनी शिकवलं. नारळ लोकांसाठी. नारळ न्हाई धरला तर लोकं म्हणतेत, ह्यो कसला पाणाड्या! तुमी पहिल्यापासून बरोबर होता दाजी. सगळं अंगठ्यानं असतं."

आयुष्यभर मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तर बघा कुठल्या दिवशी!

मी म्हणलं, "माणिका, माझा अंगठा तुझ्या बहिणीच्या मुठीत होता."

त्याचं चावणं थांबलं. त्यानं आक्काकडं बघितलं. तिनं मान हलवली. तो हळूच म्हणला, "दाजी... तो नारळ कुठं हाय? मला बघू द्या."

"तुझ्या तोंडात हाय."

बालाजी जो हसायला लागला तो आडवाच पडला. सून हसली, शेजारच्या रानातले लोक बघायला लागले. माणिकाला ठसका लागला, त्याला आंबील पाजावी लागली.

तर हे असं. नंतर तपासणीला गेलो तेव्हा मॅडमलाही खरं सांगून टाकलं; त्यांचं म्हणणं, योगायोग. बालाजीचं म्हणणं, माझा हात थकला असंल. माणिक तर अजून म्हणतो, दाजीनं बोअरचा बदला घेतला. आणि मी? मी आजही पाणाडे मानत नाही. भानामती मानत नाही. कुणी सांगितलं नारळ उठतो, तर मी पहिला त्याचा अंगठा बघीन. पण माझ्या हातावर तो उठला, दोनदा उठला, आणि का उठला हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी रानात सगळे हसत असताना सरूबाई माझ्या शेजारी सरकली. सुनेसमोर, मुलासमोर, शेजारच्या रानातल्या माणसांसमोर तिनं माझा अंगठा मुठीत धरला. मी या वेळेला लोक बघतेत असं म्हणलो नाही.